वीसच रोपं

पहिली घागर ओतली तशी खड्ड्याने ती घटाघटा पिऊन टाकली. दुसरी ओतली, तीही गेली. तिसरीनंतर तळाला नुसता ओलसर डाग राहिला. मी घागर खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून हौसाकडे बघितलं.

"बघितलंस? म्हणं काळ्या रानात पाणी थांबतंय! कुठं थांबलं?"

हौसा माझी धाकटी बहीण. खड्ड्याच्या काठाला उकिडवी बसून ती आत बघत होती. पायात नवी चप्पल, हातात सोन्याच्या पाटल्या, आणि तोंडावर मास्तरणीसारखा भाव. त्या भावाचाच मला जास्त राग येत होता.

"आक्का, हे रानानं न्हाई प्यालं, भेगांनी प्यालं," ती म्हणाली. "पाऊस न्हाई, त्यामुळं हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात. त्या भरू देत. सांजच्याला पुन्हा काठोकाठ भर आणि सकाळी बघ."

माझे मालक बांधावर बसून तंबाखू मळत होते. माणूस संथ, पण एकदा पटलं की हलायचा नाही. त्यांनी विचारलं, "आणि सकाळी पाणी दिसलं तर, हौसाबाई?"

"तर डाळिंब लावू नका, दाजी. डाळिंबाच्या मुळांना भिजत बसलेलं सोसत न्हाई. आमच्या माळावर तुम्ही तंबाखू मळून तोंडात टाकेपतोर पाणी मुरमात उतरतंय. म्हणून जगतंय ते तिथं."

मालकांनी चिमूट दाढेखाली धरली आणि निकाल दिला. "ठरलं तर मग. सकाळी खड्डा कोरडा असला तर हे तीन एकर डाळिंबाला. पाणी असलं तर हस्ताच्या आधी जोंधळा पेरायचा, न्हेमीसारखा."

माझं सगळं त्या हातभर खड्ड्यात अडकलं होतं. तीस वर्षं होत आली या गोष्टीला, पण तो खड्डा अजून माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा आहे.

आमच्या वडलांनी माझ्यासाठी नवरा बघितला नाही, ढेकूळ बघितलं. मंगळवेढ्याच्या शिवारात माझ्या सासऱ्यांच्या रानात उभं राहून त्यांनी एक ढेकूळ उचललं, त्यावर थुंकले, बोटांत मळलं आणि म्हणाले, "लोणी आहे." लगेच सुपारी फुटली. आमचं रान खरंच तसं होतं. पुरुषभर खोल काळी. एक चांगला पाऊस पोटात घेतला की थंडीभर त्यावर जोंधळा उभा राहायचा, वरून थेंब पडला नाही तरी. हौसाच्या वेळी वडलांचा हात आखडला होता. तिला दिली सांगोल्याकडच्या माळावर. तिथं कुदळ मारली तर ठिणगी उडायची. वीतभर माती, खाली मुरूम. कुसळं आणि बोरं, एवढंच पीक.

मला तिची फार कीव यायची. खरं सांगते, ती कीव मला गोड लागायची. दर संक्रांतीला ती यायची, उन्हानं करपलेली, आणि मी तिच्या पदरात दोन पायल्या जोंधळा घालायची. घालताना आजूबाजूला कुणी बघतंय का, हे बघून घालायची.

एकदा, तिच्या लग्नाला वर्ष झालं असेल, ती मला म्हणाली होती, "आक्का, एक गाडी माती देशील का गं तुमच्या रानातली? परसात मेथी-कोथिंबीर तरी करीन. आमच्याकडं काहीच धरत न्हाई."

मी म्हटलं, "आत्याबाईंना विचारते." आणि पुढच्या खेपेला सांगितलं, "आत्याबाई न्हाई म्हणाल्या. काळी कुणाला देत न्हाईत म्हणं."

सासूबाईंना मी विचारलंच नव्हतं. गाडीभर मातीनं आमचं काही उणं होणार नव्हतं. पण तिच्या परसात माझ्या रानासारखी माती, हे मला नको होतं.

पुढं त्याच माळावर तिच्या नवऱ्यानं सुरुंग लावून खड्डे काढले, डाळिंब लावलं, आणि सगळं फिरलं. ज्या मुरमाला आम्ही नावं ठेवत होतो त्याच मुरमात डाळिंबाची मुळं सुखानं पसरली. चार-पाच वर्षांत घर स्लॅबचं झालं, दारात जीप आली. तेही मी गिळलं असतं. पण आमची आई, जी आयुष्यभर हुरड्याला माझ्याकडे यायची, ती आता तिच्याकडे जाऊन राहायला लागली. हौसाच्या घराच्या वास्तुशांतीला चारचौघींत आई म्हणाली, "मोठीला मी रान बघून दिली, पण धाकटी नशीब घेऊन आली."

मी पंगतीतून उठून घरामागं गेले. तिथं सावलीला पिशव्यांत डाळिंबाची रोपं मांडून ठेवलेली होती. ओळीच्या ओळी, पाचशेच्या खाली नसतील. त्यांच्याकडे बघत मी तिथंच ठरवलं. माळावर जर हे येतं, तर माझ्या लोण्यात का येणार नाही? दुप्पट येईल. आणि मग आई कुठं राहते ते बघू.

महिनाभर मी मालकांच्या मागं लागले. विहिरीलगतचे तीन एकर, आमच्या रानातला सगळ्यात खोल तुकडा, मी मागत होते. शेवटी ते म्हणाले, "रोपं घ्यायची तर हौसाबाईकडचीच. बाजारात रोगट निघतात. आणि लावायच्या आधी तिला रान दाखवायचं." म्हणून गौरी बोळवल्यावर दोन दिवसांनी तिला बोलावलं होतं. मला वाटलं होतं ती रान बघून तोंडात बोट घालेल. हिनं आल्या आल्या खड्डा काढायला लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सांजेला आम्ही तिघांनी खड्डा पुन्हा काठोकाठ भरला. या खेपेला पाणी तसंच राहिलं, वर आभाळ घेऊन. घरी येताना हौसा माझ्या शेजारून चालत होती.

"आक्का, राग धरू नगंस. तुझं रान लाखात एक हाय. पण ते जोंधळ्याचं हाय."

"आणि तुझं राजाचं, व्हय ना?"

"तसं कुठं म्हणले मी?"

"म्हणायला कशाला पायजे? पाटल्या वाजत्यात की."

तिनं पाटल्या कोपराकडे सरकवल्या. जेवतानाही मी तिला भाकरी वाढली ती ताटात टाकल्यासारखी. मला पक्कं वाटत होतं की तिच्या पोटात दुखतंय. आपल्या बहिणीकडे काळी आणि डाळिंब, दोन्ही होतील या धास्तीनं ती हे खड्ड्याचं नाटक करतेय. आपल्या मनात जे असतं तेच समोरच्याच्या मनात दिसतं, हे तेव्हा कुठं कळत होतं?

पहाटे कोंबडं आरवलं तशी मी उठले, तांब्या घेतला आणि निघाले. आमच्याकडे तेव्हा पहाटेच्या वेळी तांब्या घेऊन रानाकडे निघालेल्या बाईला कुणी कुठं चाललीस म्हणून विचारत नसे. त्याचाच मी फायदा घेतला.

खड्ड्यात पाणी होतं. रात्रभरात चार बोटं उतरलं असेल नसेल. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला रडूच आलं, रागानं. मग मी पदर खोचला, गुडघ्यावर बसले आणि तांब्यानं पाणी उपसायला लागले. एक एक तांब्या भरायचा, चार पावलं जाऊन बांधावरच्या बोरीच्या बुडात ओतायचा, परत यायचं. साठपर्यंत मोजले, मग मोजायचं सोडलं. तळाशी गाळ राहिला तो हातानं काढला. शेवटी खड्ड्यातून निघालेली कोरडी ढेकळं फोडून तळाला पसरली. हात धुतले, तांब्या घासला, आणि उजाडायच्या आत चुलीपुढं बसून चहाला आधण ठेवलं.

दिवस कासराभर वर आल्यावर तिघंही रानात गेलो. मालक पुढं, मधे हौसा, मागं मी. बोरीखालून जाताना हौसाचा पाय सटकला. तिनं फांदी धरली, खाली बघितलं.

"दव पडलं वाटतं रात्री," ती म्हणाली.

मालक तोवर खड्ड्यापाशी पोचले होते. "गेलं की वो पाणी!" ते ओरडले. त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं, आणि थोडा आनंदही. बायकोचा हट्ट पुरवता येईल, याचा आनंद. तो ऐकून मला बरं वाटलं नाही.

हौसा काठावर बसली. तिनं तळाच्या ढेकळांखाली हात घातला, पार मनगटापर्यंत. बाहेर काढला तेव्हा हाताला काळं लोणी लागलं होतं. ती त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं हात गवताला पुसला आणि एकदा माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"गेलंय, दाजी," ती म्हणाली. "पण माझ्याकडं रोपं वीसच हायती."

"वीस?" मी पुढं झाले. "अगं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलीत तुझ्या घरामागं! पाचशे होती."

"ती बोली झालेली हायती. लोकांची हायती. माझी वीसच."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीचं पुढं बघू."

"सरळ सांग की, द्यायची न्हाईत म्हणून! सख्खी बहीण वर आली तर तुझ्या डोळ्यात सलतंय!"

"आक्का, वीसच."

"अगं, असं काय करतेस?" मालक मला म्हणाले. "वीस तर वीस. बांधालगत लावू. ती फळाला आली की तीन एकराचं बघू. तोवर जोंधळा पेरतो."

हौसा त्याच दुपारच्या एसटीनं गेली. मी तिला स्टँडवर पोचवायला गेले नाही. चार दिवसांनी जीपमधून वीस रोपं आली, ओल्या पोत्यात नीट बांधलेली. मी मोजली. वीसच होती.

त्यानंतर मी तिच्याशी बोलणं टाकलं. कुणी तिचं नाव काढलं की मी म्हणायची, "तिचं हृदय मुरमाचं आहे." आईलाही सुनावलं. वीस रोपं मात्र मी लेकरांसारखी वाढवली. आणि वाढली म्हणजे काय! वर्षात माझ्या डोक्याला लागली. पानं अशी हिरवी, तुकतुकीत, की माळावरच्या झाडांना कधी जन्मात नसतील. येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधावर थांबवून मी दाखवायची. मालकांना म्हणायची, "ही सगळी तीन एकर असती, तर?"

दुसऱ्या वर्षी हस्त धो धो बरसला. अकरा दिवस रान सुकलं नाही. जोंधळ्याच्या पेरणीला तो पाऊस देवासारखा आला. आणि डाळिंबाचं पहिलं झाड पावसाच्या उघडिपीनंतर तिसऱ्या दिवशी पिवळं पडलं. मग दुसरं. पानं फांदीवरच सुकायची, गळायचीसुद्धा नाहीत. महिन्याच्या आत वीसच्या वीस गेली. मालकांनी तालुक्याहून शेतीखात्याचे एक साहेब आणले. त्यांनी एक झाड उपटून मूळ फोडून दाखवलं, आतून काळं पडलेलं.

"मर रोग," ते म्हणाले. "भारी जमीन, मुळाशी पाणी साचलं. झाडं जाळून टाका. आणि ह्या जागेची माती कुठल्याही डाळिंबाच्या बागेत जाऊ देऊ नका. रोग मातीतून जातो. फावड्याला, पायाला लागूनसुद्धा जातो."

झाडं जाळली त्या दिवशी मी रानात गेलेच नाही. मालकांनी एकदाही म्हटलं नाही, की बघ, तीन एकर असती, तर. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

त्या साली जोंधळा असा आला की कणसं हातात मावेनात. पौषात मालकांनी हुरडा घातला आणि मला न विचारता हौसाला निरोप धाडला. ती आली, दोन वर्षांनी. कणसं भाजायच्या आगटीच्या एका बाजूला ती, एका बाजूला मी. मालक कणसं खुडायला आत गेले होते. ती गरम कणीस तळहातावर चोळत होती. समोर बांधालगतचा तो कोपरा दिसत होता, मोकळा, काळा. तिथं काही पेरलेलं नव्हतं.

शेवटी मीच म्हणाले, "तुझ्याकडं तेव्हा पाचशे रोपं होती."

"सहाशे चाळीस," ती म्हणाली. "बोली कुणाचीच नव्हती."

"आणि मला वीस दिलीस."

"वीसच गेली मग."

आगटीत एक कणीस तडतडलं.

"तुला कळलं होतं?"

"आक्का, बोरीखाली चिखल. तुझ्या पदराला चिखल. तांब्या उंबऱ्यात घासून पालथा घातलेला, पण त्याच्या गळ्यात काळी तशीच. न कळायला काय झालं? एकट्या दाजींना कळलं नसंल."

"मग तिथंच का न्हाई बोललीस?"

"त्यांच्याम्होरं? बायकोनं पहाटं उठून तांब्यानं खड्डा उपसला, असं सांगू? पुन्हा तुझ्या शब्दाला काय किंमत राहिली असती घरात?"

मी मान खाली घातली. लाज वाटत होती, पण लाजेच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. तिचा माळ माझ्या काळीला भारी पडला होता. आता तिचा चांगुलपणाही माझ्यापेक्षा मोठा निघाला, म्हणून मी नव्यानं जळत होते.

"लई मोठ्या मनाची गं बाई तू," मी म्हणाले. बोलणं कडू निघालं ते निघालंच.

हौसा हसली. हातातला हुरडा तिनं परातीत टाकला.

"मोठं मन कसलं घेऊन बसलीस? खड्ड्यातनं हात काढला तवा सगळीच द्यायची असं आलं होतं माझ्या मनात. सहाशे चाळीस. घाल म्हणलं त्या लोण्यात. बुडू दे एकदा हिचं रान, म्हंजे हिला कळंल कुसळं काय असत्यात. जिभंवर आलं होतं बघ."

मी काडीनं आगटीतली राख उकरली.

"आत्याबाई मला पुढच्याच गौरीला म्हणाल्या होत्या," ती म्हणाली. "हौसा, परसाला माती का न्हाई नेलीस, एक गाडी मागायची की मला. तवाच कळलं तू इचारलंच नव्हतंस. इतकी वर्षं धरून बसले होते ते."

"मग वीस का म्हणालीस?"

"काय म्हाईत. तोंड उघडलं सहाशे म्हणायला आणि बाहेर पडले वीस." तिनं दुसरं कणीस ओढून घेतलं. "आणि रान बुडालं असतं तर तू माझ्याच दारात येऊन रडली असतीस की, दर आठवड्याला. ते कुणी ऐकायचं?"

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. तीही हसत होती. धुराचं निमित्त होतं म्हणून बरं.

मालक कणसांची पेंढी घेऊन परत येताना दिसले. ते पोचायच्या आत मी घाईघाईनं म्हणाले, "हौसा, एक गाडी माती पाठवू का गं?"

"आता?" ती म्हणाली. "आता मेथी बाजारात मिळतीया."

"तरीबी."

तिनं चोळलेलं कणीस परातीत झटकलं. "पाठव," ती म्हणाली. मग मान वर न करता म्हणाली, "पण आक्का, त्या वीस झाडांखालची नको हां."

"काहीतरीच बोलतीस. एवढं कळतंय मला."

कळत होतंच. तरीही, ती हे बोलायच्या आधी, माती कुठून भरावी म्हणून विचार करताना माझ्या डोळ्यांपुढं नेमका तोच कोपरा आला होता. मोकळा होता, गाडीवाटेला लागून होता, म्हणून आला असेल.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीपलीकडची माती स्वतः उभं राहून भरून घेतली. भरायच्या आधी फावडं धुतलं. दोनदा.